एकदाच विचारणारं शहर

जगातला सर्वांत आनंदी देश कोणता, याची एक यादी दरवर्षी मार्च महिन्यात जाहीर होते आणि २०१८ पासून त्या यादीत फिनलंड पहिला येत आला आहे. ही बातमी फिनलंडच्या लोकांना दरवर्षी परक्यांकडून कळते आणि दरवर्षी त्यांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. राजधानी हेलसिंकीच्या कुठल्याही बसथांब्यावर जाऊन बघा. दोन-दोन मीटरांवर एकेक आनंदी माणूस उभा असतो. कुणी कुणाकडे बघत नाही, कुणी कुणाशी बोलत नाही. बस आली की प्रत्येक जण दोघांचा बाक एकट्यानं धरतो आणि खिडकीबाहेर असं बघत बसतो, की समोरच्याला वाटावं, सुतकात असेल बिचारा. हाच तो आनंद. तो चेहऱ्यावर आणण्याची तिथे पद्धत नाही.

अशा शहरात मी माझ्या मावशीला फिरवायला नेलं.

मावशी रत्नागिरीची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे समोरचा गप्प असला की त्याला उत्तर येत नसणार, अशी तिची पक्की समजूत. एसटीत बसली की हातखंबा येईपर्यंत शेजारणीच्या सुनेचा स्वभाव तिला पाठ झालेला असतो. मी हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोत नोकरी करतो. संगणकाच्या नोकऱ्यांमुळे या भागात आता मराठी घरंही दिसू लागली आहेत. जुलैत मावशी राहायला आली, तेव्हा एक दिवस हेलसिंकी बघायची आणि हेलसिंकी खायची, असं ठरलं. मावशीला मासे चालतात, किंबहुना माशांशिवाय चालत नाही. फक्त गुरुवारी दत्ताचा उपास. म्हणून बुधवार निवडला.

तिला सांगितलं, की गुरुवार इथेही साधासुधा नाही. शाळा, कचेऱ्या, लष्कर, जिथे म्हणून सार्वजनिक जेवण आहे तिथे गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि त्यावर गोड पॅनकेक, हे ठरलेलं. पूर्वी कॅथलिक काळात शुक्रवारी उपास असे, म्हणून आदल्या दिवशी पोट भरून घेत, असं सांगतात. मावशीचा चेहरा उजळला. "बघ! म्हणजे इथेही गुरुवार पाळतात!" त्या सुपात बहुधा डुकराचं मांस असतं, हा तपशील मी गाळला. श्रद्धेच्या आड येऊ नये.

मेट्रोच्या स्थानकात शिरलो. फाटक नाही, तिकीट बघणारा नाही. तिकीट मोबाइलवर काढायचं आणि सरळ गाडीत बसायचं.

"कुणी बघत नाही तर काढतात कशाला?" मावशी.

"कधीतरी तपासनीस येतो."

"आत्ता येईल?"

"बहुतेक नाही."

"मग काढतात कशाला?"

या प्रश्नाला फिनलंडमध्ये उत्तर नाही, कारण तो प्रश्न तिथे कुणाला पडलेला नाही.

डब्यात जागाच जागा होती. मावशी अख्खा डबा ओलांडून एका उंच, सोनेरी दाढीच्या माणसाशेजारी जाऊन बसली. माणूस अंग चोरून खिडकीला चिकटला. मावशीनं पिशवीतून आंबावडीचा डबा काढला, उघडला आणि त्याच्यापुढे धरला. "नो, थँक यू," तो म्हणाला. मावशी हसली. पहिलं 'नको' हे आपल्याकडे उत्तर नसतंच, ती नुसती प्रस्तावना असते. तिनं डबा थोडा पुढे सरकवला. "नो, थँक यू." डबा आणखी पुढे. आता डबा दाढीला लागणार, इतक्यात त्यानं एक वडी उचलली, तोंडात टाकली आणि पुढची चार स्थानकं मौन पाळलं. उतरताना मात्र दारापाशी थांबून, वळून म्हणाला, "इट वॉज व्हेरी गुड." चार स्थानकं तो आंबावडीवर विचार करत होता. फिनिश माणूस तोंडदेखलं बोलत नाही. आधी मत बनवतो, मग सांगतो.

विद्यापीठाच्या स्थानकावर उतरून सेनेट चौकात आलो. वर पांढरंशुभ्र कॅथीड्रल. कार्ल लुडविग एंगेल या जर्मन वास्तुकारानं आखलेलं आणि त्याच्या मृत्यूनंतर, १८५२ साली पूर्ण झालेलं. पायऱ्या इतक्या, की मावशीनं देवाला खालूनच नमस्कार केला. चौकाच्या मधोमध रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर १८९४ पासून उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर एक पांढरा समुद्रपक्षी. १८०९ पासून फिनलंड रशियाच्या ताब्यात होता; १९१७ साली स्वतंत्र झाला.

"आणि स्वातंत्र्य मिळालं तरी राजा तसाच? आपण तर काळा घोडा राणीच्या बागेत नेऊन ठेवला."

ते खरंच. १९६५ साली मुंबईनं सातव्या एडवर्डला घोड्यासकट भायखळ्याला पाठवलं. इथल्या अलेक्झांडरनं मात्र १८६३ साली फिनलंडची विधिसभा पुन्हा बोलावली आणि सरकार-दरबारी फिनिश भाषेला जागा दिली. पुढे १८९९ मध्ये त्याचा नातू दुसरा निकोलस हे हक्क काढून घ्यायला निघाला, तेव्हा हेलसिंकीच्या लोकांनी ना घोषणा दिल्या ना दगड मारले. आजोबांच्या पुतळ्यापाशी फुलांचे ढीग रचले. नातवाला काय समजायचं ते समजलं. न बोलता टोमणा मारण्याची ही कला बघून मावशी गंभीर झाली. तिची धाकटी जाऊ याच पद्धतीची आहे म्हणे.

चौकातून खाली उतरलं की समुद्र आणि समुद्राला टेकून काउप्पातोरी, म्हणजे बंदरावरचा बाजार. नारिंगी तंबूंखाली स्ट्रॉबेरी, नवे बटाटे, चेरी, अळंब्या आणि मटारच्या शेंगा. या शेंगा लिटरनं विकतात. वजनकाटा नाही, माप भरून पिशवीत ओतायचं, झालं. मावशीच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. मापटं, शेर, पायली हे सगळं आपल्याकडे पुस्तकात गेलं आणि इथे युरोपच्या एका राजधानीत, पालेभाजीच्या गाड्यावर जिवंत! लोक एक लिटर शेंगा घेतात आणि रस्त्यानं सोलत, कच्चे दाणे खात चालतात. मावशीनंही घेतल्या. बाईनं माप ओतल्यावर पिशवी तशीच पुढे धरून ती उभी राहिली.

"काय झालं?"

"वरचं घालेल ना."

वरचं आलं नाही. लिटर म्हणजे लिटर. शेवटी मावशीनं शेजारच्या हिरव्या जुडीकडे बोट करून, निदान तेवढी कोथिंबीर तरी फुकट मागता येईल का, याचा अंदाज घेतला. जुडी नाकाशी नेली आणि तिथल्या तिथे तिला माहेरचं माणूस भेटलं. "अरे, शेपू!"

इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण शेपू हा माझ्या आयुष्यातला दुखरा विषय आहे. मुगाची डाळ घालून केलेली शेपूची भाजी, मावशीचा आग्रह आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत येणारे ढेकर, यांत माझ्या बालपणीच्या मे महिन्याच्या सुट्ट्या गेल्या. देश सोडण्याची जी कारणं मी मुलाखतीत सांगितली नाहीत, त्यांत शेपू वरच्या क्रमांकावर होता. आणि आलो कुठे, तर शेपूच्या राजधानीत. फिनलंडमध्ये नव्या बटाट्यांवर शेपू असतो. माशावर, माशाच्या सुपात, काकडीच्या लोणच्यात, ऑगस्टात उकडतात त्या गोड्या पाण्यातल्या शेवंडांवर शेपू असतो. बटाट्याचे वेफर्ससुद्धा शेपूच्या चवीचे मिळतात. आपल्याकडे शेपू ही एक भाजी आहे आणि ती टाळता येते. इथे तो हवामानासारखा आहे. मावशीनं माझ्याकडे विजयी नजरेनं बघितलं आणि जुडी विकत घेतली.

बाजारातच तळलेले मुइक्कु मिळतात. बोटाएवढे तळ्यातले मासे, राईच्या पिठात घोळवून लोण्यात परतलेले, डोक्या-काट्यासकट खायचे. "मांदेलीच की ही," मावशीनं निकाल दिला, "पण तिखट-हळद लावायला विसरलेत." कागदी बशी हातात घेऊन ती हे सांगत असतानाच डोक्यावरून पांढरा फटकारा आला आणि बशीतले दोन मासे गेले. काउप्पातोरीचे समुद्रपक्षी त्यासाठी प्रसिद्ध आहेत. गर्दीत बेसावध कोण आहे, पाहुणा कोण आहे, कुणाचं लक्ष बोलण्यात आहे, हे ते वरून बघून ठेवतात. स्थानिक लोक बशीवर हात धरून, तंबूखाली, गप्प बसून खातात. त्यांच्या मौनामागचं एक व्यावहारिक कारण मला त्या दिवशी उमगलं. मावशीनं पक्ष्याला अस्सल रत्नागिरीतलं जे काही सुनावलं, ते ऐकून आजूबाजूच्या चार-पाच आनंदी माणसांनी प्रथमच मान वर केली.

पलीकडेच लाल-पिवळ्या विटांची जुनी बाजारपेठ आहे, वान्हा काउप्पाहाल्ली. १८८९ सालची. आत लाकडी गाळ्यांच्या दोन रांगा. रेनडियरचं सुकवलेलं मांस, अस्वलाचं मांस भरलेले डबे, राईच्या पातळ कवचात तांदळाची खीर भरून भाजलेली कार्यालानपिराक्का, तिच्यावर थापायला उकडलेलं अंडं कुस्करून घातलेलं लोणी. अस्वलाच्या डब्यासमोर मावशी बराच वेळ उभी राहिली. "हे कोण खातं?" मी म्हटलं, पर्यटक. "आणि इथले?" इथले सूप पितात.

ते सूप म्हणजे लोहिकेइत्तो. रावस जातीच्या नव्हे, पण त्या मानाच्या सामन माशाचे मोठे तुकडे, बटाटा, लीकचा कांदा, साय आणि वरून अर्थातच शेपू. मावशीनं चमचा घातला आणि थबकली.

"यात दूध आहे?"

"दूध नाही. साय आहे."

"माशात?"

आपल्याकडे मासे खाल्ल्यावर तासाभरात कुणी दुधाचा पेला हातात घेतला, तर घरातली मोठी माणसं तो काढून घेतात. हा विरुद्धाहार! फिनलंडमध्ये ५६ लाख लोक पिढ्यानपिढ्या हा विरुद्धाहार करताहेत आणि वर आनंदाच्या यादीत पहिले येताहेत. मावशीनं मनातल्या मनात कुणाची तरी क्षमा मागितली आणि वाडगा संपवला. सोबत राईचा काळा, आंबूस, चावून दात मजबूत करणारा पाव, तोही संपवला. तेव्हा गाळ्यावरच्या मुलीनं येऊन विचारलं, "आणखी पाव हवा का?"

"नो, नो," मावशी लाजून म्हणाली.

मुलगी हसली आणि निघून गेली.

मावशी थांबली. मुलगी दुसऱ्या टेबलाकडे गेली. मावशीनं घोटभर पाणी प्यायलं, तोंड पुसलं, पुन्हा थांबली. मुलगी आता काउंटर पुसत होती. "ती परत विचारणार नाही का?" मावशीनं हळूच विचारलं. नाही. तू नको म्हणालीस ना? "अरे, पण ते तसं म्हणायचं असतं!"

हेलसिंकीची सगळी गोम इथे आहे. आपल्याकडचा पाहुणचार माणसाच्या पहिल्या शब्दावर मुळीच विश्वास ठेवत नाही. 'नको' म्हणजे लाजतोय, 'पोट भरलं' म्हणजे एक पोळी कमी पडलीय, 'निघतो' म्हणजे अजून तासभर बसणार आहे. त्या शब्दाच्या मागे जाऊन माणसाला खरं काय हवंय ते शोधून काढणं, यालाच आपण प्रेम म्हणतो. हेलसिंकी शब्दाच्या मागे जात नाही. तिकीट काढलं म्हणालात, काढलं असणार. लिटर म्हटलं, लिटर दिलं. नको म्हणालात, नको असणार. तुम्ही मोठे आहात, तुम्हाला कळतं. यात प्रेम नाही असं पाहुण्याला वाटतं. पण यात मान आहे, आणि तो पोटात उतरायला आंबूस पावापेक्षा जास्त वेळ लागतो.

जेवणानंतर कॉफी. फिनिश लोक जगातल्या सर्वांत जास्त कॉफी पिणाऱ्यांत मोडतात. वर्षाला माणशी सुमारे दहा किलो. कामगारांच्या करारांमध्ये कॉफीची सुट्टी लिहिलेली असते. कॉफी फिकट भाजलेली, दुधाचं प्रमाण आपल्या मर्जीवर, सोबत पुल्ला नावाचा गोड पाव. मावशीनं पाव तोडला, हुंगला आणि आज दुसऱ्यांदा तिला माहेर भेटलं. वेलची! तीही पूड करून नव्हे, जाडसर कुटून, दाताखाली येईल अशी. नॉर्डिक देशांत वेलचीवाचून गोड पाव होतच नाही. "यांना कळतं रे," मावशी म्हणाली. फिनलंडला तिच्याकडून मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र.

पण तेवढ्यात तिला काचेबाहेर एक बाबागाडी दिसली. गाडीत झोपलेलं बाळ, आजूबाजूला कुणी नाही. आई आत, आमच्या शेजारच्या टेबलावर, शांतपणे पुल्ला खात होती. इथे लहान मुलांना बाहेरच्या हवेत झोपवतात. हिवाळ्यात बर्फ असतानाही, भरपूर गुंडाळून. त्यांची झोप चांगली होते, असं लोक मानतात. हे सगळं मी मावशीला सांगत होतो तेव्हा ती तिथे नव्हती. ती बाहेर, शाल घट्ट गुंडाळून, बाबागाडीपासून हातभर अंतरावर पहाऱ्याला उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे संशयानं बघत होती. आईनं मान वर करून ते बघितलं, क्षणभर विचार केला आणि पुन्हा कॉफीकडे वळली. कुणी विनामूल्य पहारा देत असेल, तर त्याच्या आनंदात आपण का यावं?

पुढच्या दुकानात तिनं कौतुकानं काळ्या गोळ्यांची एक डबी घेतली. सल्मियाक्की. फिनिश माणूस परदेशी निघाला की आधी ही डबी खिशात घालतो. मावशीनं गोळी तोंडात टाकली. पहिल्यांदा भुवया वर गेल्या, मग डोळे मिटले, मग ती म्हणाली, "कल्हईवाला!" मी चकित झालो, कारण ती शंभर टक्के बरोबर होती. या गोळीतला खारट, झोंबणारा पदार्थ म्हणजे अमोनियम क्लोराइड, आपला नवसागर. आपल्या अंगणात कल्हईवाला तापल्या पातेल्यात जी पांढरी पूड फेकायचा आणि ढगासारखा धूर उठायचा, ती पूड ज्येष्ठमधात कालवून एक देश आवडीनं चघळतो. "भांडी लख्ख होतात याने," मावशी म्हणाली, "आतडीही होत असतील." तिनं गोळी थुंकली नाही. मास्तरीण आहे, पानात पडलेलं टाकत नाही.

मग ओडी हे ग्रंथालय. देशाच्या स्वातंत्र्याच्या शंभरीनिमित्त हेलसिंकीनं ते बांधलं आणि डिसेंबर २०१८ मध्ये संसदेच्या अगदी समोर उघडलं. पुस्तकं वरच्या मजल्यावर. मधल्या मजल्यावर शिलाईची यंत्रं, थ्रीडी प्रिंटर, गाणं ध्वनिमुद्रित करायच्या खोल्या आणि चक्क स्वयंपाकघर. कुणीही यावं, वापरावं, जावं. पक्ष्याच्या झटापटीत मावशीच्या पिशवीचा बंद उसवला होता. तिनं एका रिकाम्या यंत्रावर बसून तो शिवला, शेजारच्या मुलाची पँट आखूड करताना चुकत असलेली टीप दुरुस्त केली आणि कुणाचीही परवानगी न घेता उठली. पैसे किती, तिनं विचारलं. काहीच नाही. कर कोण भरतं? मी. "मग बरोबर आहे," ती म्हणाली.

कांपीच्या गजबजलेल्या चौकातलं मौनाचं चॅपल मात्र तिला पटलं नाही. २०१२ साली बांधलेली ही लाकडी, खिडक्या नसलेली, अंड्यासारखी गुळगुळीत वास्तू केवळ गप्प बसण्यासाठी आहे. आत पाच मिनिटं बसून ती बाहेर आली. "छान आहे. पण मेट्रोत बसलं असतं तरी चाललं असतं."

दिवसाचा शेवट सौनानं, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी घालून घेतलेल्या वाफेच्या स्नानानं, करायचा होता. ५६ लाखांच्या या देशात सौनांची संख्या ३० लाखांच्या वर आहे. संसदेच्या इमारतीतही एक आहे. २०२० साली युनेस्कोनं फिनिश सौना-संस्कृतीला आपल्या वारशाच्या यादीत घेतलं. "घाम काढायला पैसे?" मे महिन्यात रत्नागिरीत राहणाऱ्या बाईचा हा प्रश्न रास्त होता. तरी मी तिला काल्लिओ या जुन्या कामगारवस्तीतल्या १९२८ सालच्या कोतिहार्यु सौनात नेलं. पुरुषांचा विभाग वेगळा, बायकांचा वेगळा, आणि आत अंगावर कपडे नसतात. "आपण टॉवेल गुंडाळू," ती निर्धारानं म्हणाली आणि एकटी आत गेली.

मी ठरल्या वेळी बाहेर आलो. मावशी नाही. अर्धा तास झाला, तास झाला. बाहेर फुटपाथवर टॉवेल गुंडाळलेली, लालबुंद झालेली माणसं पेयाच्या बाटल्या घेऊन बसली होती. या सौनाच्या दारातलं हे नेहमीचं दृश्य. शेवटी मावशी आली. साडी नीट नेसलेली, चेहरा तुकतुकीत आणि बरोबर तिघी बायका. चौघी बोलत होत्या. फिनिश बायका, अनोळखी माणसाशी, आपण होऊन बोलत होत्या!

सौनात असंच होतं. बाहेर दोन मीटरांवर उभा राहणारा माणूस ऐंशी-नव्वद अंशांत, फळीवर खांद्याला खांदा लावून बसतो आणि मन मोकळं करतो. मावशीला सगळं कळलं होतं. एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, दुसरीची ताम्पेरेत राहणारी आणि फोन न करणारी मुलगी, तिसरीच्या तळ्याकाठच्या घराचं गळकं छप्पर, शिवाय पुल्लात वेलची किती घालायची त्याचं माप.

"आणि दगडांवर पाणी घालायच्या आधी विचारतात हं," ती मला सांगू लागली. "मी पहिल्यांदा नको म्हटलं, सवयीनं. तर खरंच थांबल्या सगळ्या! माझ्यासाठी गार बसल्या. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. मग म्हटलं, घाला बाई, घाला."

घरी आल्यावर तिची पंचाईत वेगळीच झाली. दिवेलागणीची वेळ होईना. जुलैत इथे रात्री दहा-साडेदहापर्यंत सूर्य मावळत नाही. सात वाजल्यापासून ती वात करून बसली होती. शेवटी दिवा लागला, शुभंकरोती झालं, आणि आम्ही जेवायला बसलो. वरणभात आणि, टाळता न आल्यामुळे, शेपूची भाजी. मी वाढता वाढता म्हटलं, "मावशी, आणखी थोडा भात?"

"नको."

मी हाताच्या सवयीनं डाव पुढे केला.

"एकदा सांगितलं ना?" मावशी म्हणाली.

हेलसिंकीला जाणार असाल तर जून ते ऑगस्टमध्ये जा. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथला दिवस सहा तासांचाही नसतो. शेंगा लिटरनं घ्या आणि खाताना आकाशाकडे एक डोळा ठेवा. माशाचं सूप प्या, सायीला घाबरू नका. शेपूशी जुनं भांडण असेल तर ते इकडेच मिटवून जा. सौनात लाजू नका, कारण गप्पा फक्त तिथेच मिळतात. आणि कुणी काही हवं का विचारलं, तर खरं काय ते पहिल्याच वेळी सांगा. दुसऱ्यांदा कुणी विचारणार नाही.